चर्चा : पावसाळ्याआधी फ्लूची लस आणि पहिल्या ४८ तासांत टॅमिफ्लू, ही जबाबदारी शासनाने घ्यावी का?

भीमाकाठ (मूळ लेख)

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. फ्लूमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या आणि त्यातूनही अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचणाऱ्या अनेक रुग्णांवरची ती वेळ टाळता येण्यासारखी असते. त्यासाठी जोखमीच्या व्यक्तींना पावसाळ्याआधी लस मिळायला हवी आणि त्याच व्यक्तींना फ्लूसारखा ताप आला, तर चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता ४८ तासांच्या आत ऑसेल्टामिविर, म्हणजे आपण सगळे ज्याला टॅमिफ्लू म्हणतो ते औषध, सुरू व्हायला हवे. दोन्ही गोष्टी आपल्याकडे उपलब्ध आहेत, दोन्हींविषयी शासनाच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत, आणि तरीही दोन्ही वेळेवर पोहोचत नाहीत.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. फ्लूचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला आणि तो एका शाळकरी मुलीचा होता. त्या महिन्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि घशातल्या स्रावाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत जाऊन अहवाल येईपर्यंत लोक जीव मुठीत धरून बसले. ती भीती ओसरली, पण विषाणू कुठेही गेला नाही. तो आता नेहमीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग झाला आहे. २०१५ मध्ये देशात त्याचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० मृत्यू झाले. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात ७७८ मृत्यूंची नोंद झाली. चाचणी न झालेल्या रुग्णांची गणती यात नाही, हे लक्षात घ्यावे.

आता रुग्ण आमच्यापर्यंत कसा पोहोचतो ते सांगतो, कारण सगळा प्रश्न त्या वाटेवरच आहे. समजा, सात महिन्यांची गरोदर बाई आहे. पहिल्या दिवशी कणकण, घसा आणि अंगदुखी, म्हणून मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणले जाते. दुसऱ्या दिवशी ताप १०२ अंशांवर जातो, गावातले डॉक्टर ‘व्हायरल आहे’ असे सांगून एक इंजेक्शन आणि तीन दिवसांचे अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देतात. तिसऱ्या दिवशी सलाईन लावले जाते, त्याने तरतरी येते आणि घरचे निर्धास्त होतात. चौथ्या रात्री तिला आडवे झोपता येत नाही, उशा लावून बसून राहावे लागते. पाचव्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे येते तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८४ दिसतो आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसे खालपासून पांढरी झालेली असतात. या पाच दिवसांत तिच्यावर पैसे खर्च झाले, औषधे झाली, डॉक्टरही झाले. ज्या एका औषधाचा उपयोग झाला असता, ते मात्र तिला कोणी दिले नाही.

केंद्र शासनाच्या सूचनांमध्ये फ्लूसदृश आजाराचे अ, ब आणि क असे तीन गट केलेले आहेत. साधा ताप-खोकला असेल तर अ गट. घरी विश्रांती घ्यावी, चाचणी नको आणि टॅमिफ्लूही नको. ब गटात दोन प्रकार येतात. ज्यांना ताप जास्त आणि घसा फार दुखतो, त्यांना डॉक्टरांनी विचार करून औषध द्यावे. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील वृद्ध, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे, यांना लक्षणे सौम्य असली तरी औषध द्यावे. दम लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा नखे निळी पडणे ही क गटाची लक्षणे. अशा रुग्णाला ताबडतोब दाखल करावे. ब गटात चाचणीची गरज नाही, असे या सूचना स्पष्टपणे सांगतात. प्रत्यक्षात मात्र ‘आधी स्वॅब, मग गोळी’ हीच सवय २००९ पासून आमच्या हाडात मुरली आहे.

४८ तासांचे कारण साधे आहे. फ्लूचा विषाणू शरीरात पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत वेगाने वाढतो. पेशीत तयार झालेले नवे विषाणू एका विकराच्या मदतीने पेशीपासून सुटे होतात आणि पुढच्या पेशींत शिरतात. ऑसेल्टामिविर त्या विकरालाच अडवते. विषाणूंची संख्या शिगेला पोहोचून फुप्फुसाला सूज आल्यावर ते अडवण्याचा लाभ कमी होत जातो. दाखल झालेल्या गंभीर रुग्णाला आम्ही उशिराही हे औषध देतो, कारण अशा रुग्णांच्या शरीरात विषाणू जास्त दिवस टिकून राहतो. पण तोपर्यंत लढाई पुष्कळ अवघड झालेली असते.

लसीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी येते. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून आपल्याकडे ती एप्रिल-मेमध्ये टोचली गेली पाहिजे आणि ती दक्षिण गोलार्धासाठी ठरवलेल्या घटकांची असली पाहिजे. २०१५ च्या उद्रेकानंतर महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी मोफत, ऐच्छिक लसीकरण सुरू केले. देशात असे पाऊल उचलणाऱ्या राज्यांत आपण पुढे होतो, याचा मला अभिमान वाटतो. पण माझ्याकडे येणाऱ्या गरोदर स्त्रियांना मी दर वेळी विचारतो, आणि अशी लस असते हेच बहुतेकींना ठाऊक नसते. धनुर्वाताचे इंजेक्शन त्यांना चुकत नाही, कारण ते देण्याची पक्की घडी बसलेली आहे. फ्लूच्या लसीची तशी घडी शासनाने बसवावी, एवढीच माझी मागणी आहे. आपले मत काय?

सांख्यिक

डॉक्टरसाहेब, आपली तळमळ खरी आहे, पण आपण लस आणि टॅमिफ्लू यांना एकाच पारड्यात बसवले आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे. दोन्हींमागचा पुरावा एका तोडीचा नाही.

टॅमिफ्लूचा इतिहास वैद्यकीय संशोधनात काम करणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करणारा आहे. उत्पादक कंपनीने चाचण्यांचे संपूर्ण अहवाल वर्षानुवर्षे बाहेर येऊ दिले नाहीत. उपचारांच्या पुराव्यांची तपासणी करणाऱ्या कॉक्रेन या संशोधकांच्या गटाने आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर २०१४ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यानुसार प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ सुमारे १७ तासांनी कमी होतो, मात्र रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते असे सिद्ध होत नाही. तोपर्यंत एकट्या ब्रिटनने टॅमिफ्लूच्या साठ्यावर ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च केलेली होती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध आवश्यक औषधांच्या मुख्य यादीतून काढून पूरक यादीत टाकले. २०२३ मध्ये १५ चाचण्यांचे आणि ६ हजारांहून अधिक रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही बाह्यरुग्णांना हे औषध दिल्याने दाखल होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. मळमळ आणि उलट्या मात्र वाढलेल्या दिसल्या. आणि सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर नसलेल्या फ्लूसाठी ऑसेल्टामिविर देऊ नये, असेच सुचवले आहे. जोखीम अधिक असेल तर बॅलॉक्साविर हे दुसरे औषध विचारात घ्यावे, असे त्या म्हणतात.

आपण वर्णिलेल्या गरोदर बाईला दुसऱ्या दिवशी टॅमिफ्लू मिळाले असते तर ती वाचली असती, असे आपल्याला वाटते. ते कदाचित खरेही असेल. पण असे वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. ज्यांना औषध मिळाले नाही आणि जे आपोआप बरे झाले, असे असंख्य रुग्ण आपल्या अतिदक्षता विभागात कधी येतच नाहीत. आपल्याला फक्त बिघडलेले दिसतात, आणि त्यावरून सर्वांसाठी धोरण आखणे धोक्याचे आहे.

भीमाकाठ

सांख्यिक, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपण उल्लेख केलेल्या चाचण्या कोणावर झाल्या ते पाहावे लागेल. त्यांतले बहुसंख्य लोक एरवी धडधाकट होते आणि दोन्ही बाजूंना दाखल होणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोडे होते. इतक्या कमी घटनांवरून ‘फरक दिसला नाही’ एवढेच म्हणता येते, ‘फरक पडत नाही’ असे म्हणता येत नाही. २०२३ च्या विश्लेषणात दाखल होण्याचा सापेक्ष धोका, म्हणजे औषध न घेणाऱ्यांचा धोका १ धरला तर घेणाऱ्यांचा धोका, ०.७७ आला, पण त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो, ०.४७ पासून १.२७ पर्यंत पसरलेली आहे. म्हणजे धोका निम्म्याने कमी होण्यापासून पाव पटीने वाढण्यापर्यंतच्या सगळ्या शक्यता त्यात बसतात. उलट, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात फ्लू सिद्ध झालेल्या रुग्णांमध्ये दाखल होण्याचे प्रमाण ऑसेल्टामिविरने घटलेले दिसले होते. त्या अभ्यासाला कंपनीशी जोडलेल्या निधीचे पाठबळ होते, हा आक्षेप मला माहीत आहे आणि मी तो बाजूला सारत नाही.

दाखल झालेल्या रुग्णांविषयी बोलायचे, तर २००९ च्या साथीतील २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांत औषध मिळालेल्यांमधील मृत्यूची शक्यता उशिरा मिळालेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, चाचणी नव्हे, हे मान्य. पण सात महिन्यांच्या गरोदर बाईला नाणेफेक करून औषध किंवा खोटी गोळी देण्याची चाचणी आता कोण करणार आणि कोणती नीती समिती तिला परवानगी देणार? अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र आजही गरोदर आणि जोखमीच्या रुग्णांना लवकर ऑसेल्टामिविर देण्याची शिफारस करते, तीही याच तर्काने.

बॅलॉक्साविरला माझा विरोध नाही. एका मात्रेचे औषध आहे, उद्या ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तर मीच आधी वापरेन. पण गरोदर स्त्रियांसाठी त्याची शिफारस होत नाही, आणि माझ्या रुग्णांपैकी ज्यांच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो, त्यांत त्याच आहेत.

माणदेशी

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्यविषयक कामाशी अनेक वर्षे संबंध आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

फ्लूची लस चांगली की वाईट हा माझा मुद्दाच नाही. पैसा मर्यादित आहे आणि तो कोणत्या आजारावर आधी खर्च करायचा, हा मुद्दा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आमच्या भागातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्तात लोह कमी असते, उपकेंद्रात कधी रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असतात, कधी विंचूदंशाचे औषध. अशा वेळी दर वर्षी नव्याने घ्यावी लागणारी, खाजगीत दीड ते दोन हजार रुपयांना मिळणारी आणि सगळ्यांना पूर्ण संरक्षण न देणारी लस शासनाने लाखोंच्या संख्येने का घ्यावी? गोवराची लस दोनदा दिली की जन्माची चिंता मिटते. फ्लूच्या लसीचे पैसे दर मे महिन्यात पुन्हा मोजायचे आहेत.

शिवाय जोखमीच्या गटाचा आकार पाहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यात उच्च रक्तदाब, दमा आणि वृद्ध धरले तर गट उरतच नाही, सारे गावच जोखमीचे ठरते. अशा योजना कागदावर मोठ्या आणि वाटपात लहान होतात. थोड्या कुप्या येतात, त्या कर्मचाऱ्यांना आणि ओळखीच्यांना मिळतात, आणि वाडीवरच्या बाईपर्यंत काहीच पोहोचत नाही. अर्धवट राबवल्या जाणाऱ्या योजनेपेक्षा ती नसलेली परवडते, कारण निदान लोक तिच्या भरवशावर राहत नाहीत.

लीड्सवासी

मी मूळची कोल्हापूरची, गेली बरीच वर्षे इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका आहे. माणदेशी यांच्या मुद्द्यावर इथला अनुभव सांगते.

इथे ६५ वर्षांवरील सर्वांना, गरोदर स्त्रियांना आणि दीर्घ आजार असलेल्यांना शरद ऋतूत लस मोफत मिळते. २०१३ पासून लहान मुलांना नाकात फवारण्याची लस टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्यामागे मुलांना वाचवण्याबरोबर दुसराही विचार होता. फ्लू घराघरांत नेतात ती शाळकरी मुले. ती सुरक्षित झाली की आजी-आजोबांनाही आजार कमी होतो. जपानमध्ये शाळकरी मुलांना लस देण्याचा कार्यक्रम होता तोपर्यंत वृद्धांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी होते आणि १९९४ मध्ये तो बंद झाल्यावर ते वाढले, असे तिथल्या नोंदींच्या अभ्यासात दिसले होते. म्हणून ‘सगळे गावच जोखमीचे’ असेल, तर एकेका जोखमीच्या माणसाच्या मागे धावण्यापेक्षा एक शाळा गाठणे सोपे असू शकते. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी अशीच नाकातली लस बाजारात आणली होती, म्हणजे हे तंत्र आपल्या दारातले आहे.

औषधाविषयी मात्र मी सांख्यिक आणि डॉक्टर यांच्या मध्ये उभी आहे. इथे सामान्य डॉक्टरांनी फ्लूची औषधे कधी लिहावीत याला एक अट आहे. प्रयोगशाळांच्या नोंदींवरून समाजात फ्लू पसरला आहे असे अधिकृतपणे कळवले गेले, की जोखमीच्या रुग्णांना ४८ तासांच्या आत औषध देता येते. एरवी सहसा देत नाहीत. महाराष्ट्रात प्रत्येक तापाला टॅमिफ्लू सुरू केले, तर जुलै महिन्यात त्यातल्या किती जणांना खरोखर फ्लू असेल? डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हिवताप आणि टायफॉइड सगळे एकाच ओसरीत बसलेले असतात. टॅमिफ्लू दिले म्हणून निर्धास्त राहिले आणि डेंग्यूचे प्लेटलेट तपासायचे राहून गेले, तर तो रुग्ण कोणाच्या खात्यावर मांडायचा?

भीमाकाठ

ताईंचा शेवटचा प्रश्न या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा आहे. खोकला आणि घसा नसलेल्या तापाला मी टॅमिफ्लू देत नाही आणि कोणीही देऊ नये. डोळ्यांमागे दुखणे, अंगावर पुरळ, पोटऱ्या दाबल्यावर ओरडावे इतके दुखणे, शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम केल्याचा इतिहास, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. टॅमिफ्लू सुरू करणे म्हणजे बाकीच्या तपासण्या थांबवणे नव्हे. जोखमीच्या रुग्णाला औषध देतानाच ‘उद्या पुन्हा येऊन ऑक्सिजन दाखवा’ असे सांगायचे असते, आणि बसून मोजलेला ऑक्सिजन ठीक दिसला तर सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजायचा असतो. बसल्या जागी ९७ दिसणारा रुग्ण चालल्यावर ९१ वर येतो तेव्हा त्याची फुप्फुसे काय सांगत आहेत ते कळते.

हंगाम जाहीर करण्याची इंग्लंडची पद्धत मला मनापासून पटली. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे, नमुने तपासले जातात, आकडेही जमतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने ‘या आठवड्यापासून आपल्या जिल्ह्यात फ्लू वाढला आहे’ असे साधे पत्र प्रत्येक खाजगी डॉक्टरला पाठवले, तर टॅमिफ्लूचा वापर योग्य वेळी वाढेल आणि एरवी कमी होईल. सांख्यिक यांच्या आक्षेपातला मोठा भाग त्याने निघून जाईल असे मला वाटते.

माणदेशी, ‘योजना नसलेली परवडते’ हे आपले वाक्य मात्र मला मान्य करता येत नाही. गट फार मोठा आहे हे खरे, पण म्हणूनच क्रम लावायचा असतो. माझ्या क्रमात पहिल्या गरोदर स्त्रिया. त्यांची नावे आशा ताईंच्या वहीत आधीच आहेत, त्या तपासणीसाठी केंद्रात येतातच, आणि त्यांना दिलेल्या लसीचा लाभ दोघांना होतो. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्याला आईकडून मिळणारी प्रतिपिंडेच वाचवतात. चार देशांतील नोंदींच्या एका अभ्यासात लसीमुळे गरोदर स्त्रियांचे फ्लूने दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्यानंतर डायलिसिसवरचे, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि जुनाट दम्याचे रुग्ण. हा गट दहा कोटींचा नाही, आणि तो आधीच रुग्णालयांच्या संपर्कात आहे.

दम्याच्या मुलाची आई

इथे सगळे जाणकार लिहीत आहेत, तरीही माझे मत मांडते. माझ्या मुलाला आम्ही गेल्या वर्षी पैसे भरून लस दिली, आणि तरीही सप्टेंबरमध्ये त्याला आठवडाभर ताप-खोकला झाला. आमच्या इमारतीतल्या लस न घेतलेल्या मुलांनाही तेवढाच त्रास झाला. मग आम्ही पुन्हा दोन हजार रुपये का खर्च करावेत? लस घेतल्यावर हात दुखला, एक दिवस अंग गरम होते, ते वेगळेच. डॉक्टर मंडळी ‘जोखीम कमी होते’ असे म्हणतात, पण आई म्हणून मला ती जोखीम कमी झालेली दिसत नाही. मला दिसते ते आजारी मूल.

भीमाकाठ

आपला प्रश्न अगदी रास्त आहे. सप्टेंबरमधला प्रत्येक ताप-खोकला फ्लूचा नसतो. आरएसव्ही, ऱ्हायनो आणि अ‍ॅडिनो यांसारखे अनेक विषाणू त्याच दिवसांत फिरत असतात आणि या लसीचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. खऱ्या फ्लूविरुद्धही लसीचे घटक त्या वर्षीच्या विषाणूशी चांगले जुळले, तर संरक्षण ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास मिळते, आणि जुळले नाहीत तर त्याहून कमी. हे कोणी लपवू नये. लपवले की लोकांचा विश्वास उडतो. पण दम्याच्या मुलाला लस द्यायची ती साधा ताप टाळण्यासाठी नाही, त्याला ऑक्सिजनच्या खाटेपर्यंत जावे लागू नये यासाठी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या रुग्णालयांतील अभ्यासात लस घेतलेल्या प्रौढांमध्ये फ्लूने अतिदक्षता विभागात जाण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि जे लस घेऊनही दाखल झाले त्यांचा आजारही सौम्य होता. घरी बसून सात दिवसांत बरा झालेला मुलगा हा लसीचा अपयशी निकाल आहे, असे मी म्हणणार नाही.

आपला मुलगा नऊ वर्षांखालील असेल आणि त्याची ती पहिलीच लस असेल, तर महिन्याच्या अंतराने दोन मात्रा लागतात. पुष्कळ घरी दुसरी मात्रा राहून जाते, ती राहिली होती का ते कार्डावर पाहावे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी आणि त्यानंतर दम्यासारखा आजार असलेल्या मुलांसाठी दर वर्षी ही लस सुचवते.

औषधविक्रेता, मिरज

टॅमिफ्लू मिळत नाही, अशी तक्रार अनेकदा आमच्या व्यवसायावर येते, म्हणून लिहितो. २००९ पासून हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत होते. त्यासाठी वेगळा परवाना लागत असे, त्यामुळे फार थोड्या दुकानांत ते ठेवले जाई. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच-वन या तुलनेने सैल यादीत आले. आता चिठ्ठी असेल तर साधा परवाना असलेला कोणताही विक्रेता ते देऊ शकतो. डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव व दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. अडचण वेगळीच आहे. हंगाम नसताना हे औषध कोणी लिहीत नाही, गोळ्यांची मुदत संपते आणि माल परत जातो. मग जुलैत अचानक मागणी आली, की वितरकाकडून यायला दोन-तीन दिवस लागतात. आपले ४८ तास तिथेच संपतात. मुलांचे पातळ औषध तर आणखी दुर्मीळ. तेव्हा ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून तिची भुकटी साखरेच्या पाण्यात मिसळून वजनाप्रमाणे मात्रा कशी काढायची, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले तर आम्ही पालकांना समजावून सांगू शकतो. बहुतेक चिठ्ठ्यांवर ते नसते, आणि अंदाजाने मात्रा सांगायची माझी तयारी नाही.

डॉक्टरांच्या सूचनेतले जिल्ह्याचे पत्र आम्हालाही मिळाले, तर जूनमध्येच माल मागवून ठेवता येईल.

सांख्यिक

लसीबाबत माझा डॉक्टरांना विरोध नव्हता आणि नाही. गरोदर स्त्रियांपासून सुरुवात करण्याचा क्रमही मला योग्य वाटतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच दिलेल्या लसीची यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाला लस द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली चाचणी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षभरातला मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचा एकत्रित धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणून हृदयरोग्यांना त्या यादीत वर आणावे, अशी माझी सूचना आहे. पुरावा असा असतो, आणि औषधाबाबतही मी तोच मागतो आहे.

टॅमिफ्लूबाबत मी माघार घेत नाही, पण अट बदलतो. गरोदर स्त्रियांवर चाचणी करता येणार नाही, हे मान्य. मात्र मधुमेही, दमेकरी आणि वृद्ध यांना लवकर औषध देण्याचे धोरण एका हंगामासाठी काही तालुक्यांत आधी आणि काही तालुक्यांत पुढच्या वर्षी राबवले, तर कोणालाही खोटी गोळी न देता तुलना करता येईल. त्यासाठी फक्त लक्षणे कधी सुरू झाली, औषध कधी सुरू झाले आणि रुग्ण दाखल झाला का, या तीन गोष्टी प्रत्येक केस पेपरवर लिहिल्या गेल्या पाहिजेत. २००९ पासून इतकी वर्षे गेली, पुण्यासारखे शहर या आजाराच्या केंद्रस्थानी होते, आणि तरीही आपल्या स्वतःच्या रुग्णांवरून हे ठरवता येईल अशा नोंदी आपण ठेवल्या नाहीत. न्यूझीलंडचे आणि ब्रिटनचे आकडे आपण एकमेकांना किती दिवस ऐकवणार?

माणदेशी

क्रम लावण्याची भाषा मला पटली, तरी माझी हरकत पूर्ण मिटलेली नाही. आशा ताईंच्या वहीत नाव आहे म्हणून लस पोहोचेल, असे डॉक्टर म्हणतात. त्या वहीत आधीच इतकी कामे आहेत, की नवे काम दिले तर एखादे जुने मागे पडते, आणि त्याची किंमत लसीच्या हिशोबात कोणी धरत नाही. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, गोठली तर फेकून द्यावी लागते. आमच्या ज्या केंद्रात मे महिन्यात दिवसाचे सहा-सहा तास वीज नसते, तिथे ऐन उन्हाळ्यात बालकांच्या नियमित लसींनी भरलेल्या शीतकपाटात आणखी किती खोकी मावतील, हे आधी कोणी मोजून सांगावे. गरोदर स्त्रियांपुरती लस, मे महिन्याच्या नियमित तपासणीच्याच दिवशी, आणि त्यासाठी आशा ताईंना वेगळा मोबदला, एवढे ठरत असेल तर मी जिल्ह्याच्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलेन. मधुमेहींच्या यादीला माझा विरोध कायम आहे. ज्या केंद्रात त्यांना महिन्याची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सलग मिळत नाही, तिथे त्यांच्यासाठी आधी तीच आणावी.